वाळवंटातील हसे आणि हसू

मराठीत ‘हसू’ आणि ‘हसे’ हे दोन शब्द एकाच धातूपासून निघालेले असले, तरी त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे. हसू येते, हसे होते. हसू ज्याचे त्याच्या ओठांवर उमटते. हसे मात्र उमटते दुसऱ्याच्या ओठांवर आणि ज्याचे होते त्याच्या काळजाला डागणी देऊन जाते. विनोदी कलाकृती कशाच्या बळावर उभी आहे हे पाहायचे झाल्यास, ती आपल्याला हसू देते की कोणाचे तरी हसे करते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. स्टीफन एलियट या ऑस्ट्रेलियन लेखक-दिग्दर्शकाचा ‘दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ हा १९९४ सालचा चित्रपट या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे. कारण ज्यांचे जन्मभर हसेच होत आले, अशा तिघांना त्याने नायकपद दिले आणि तरीही चित्रपट विनोदीच ठेवला.

हे तिघे सिडनीतील ‘ड्रॅग क्वीन’ आहेत. हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. पुरुष नटाने भडक, अतिरंजित स्त्रीवेष धारण करून मद्यालयाच्या रंगमंचावर ध्वनिमुद्रित गाण्यांवर ओठ हलवीत नाचणे, हा त्या कलेचा ढोबळ आकार. आपल्या डोळ्यांपुढे लगेच लोकलच्या डब्यात टाळी वाजविणारे तृतीयपंथी येतात, पण ते साम्य फसवे आहे. तेथे प्रश्न एका संपूर्ण जीवनाचा असतो. येथे प्रश्न बहुतेकदा वेषाचा आणि कलेचा आहे. बालगंधर्वांची आठवण होणे अधिक स्वाभाविक, पण तेही पुरते जुळत नाही. समोर पुरुष उभा आहे हे प्रेक्षकाने विसरावे, यातच स्त्रीपार्टी नटाची धन्यता असे. ड्रॅग क्वीनला मात्र ते विसरू द्यायचे नसते. तिचे पापण्यांचे केस बोटभर लांब, टाचा वीतभर उंच आणि डोक्यावरचा टोप एखाद्या देवळाच्या शिखरासारखा. स्त्री व्हायचे नसून ‘स्त्री’ नावाच्या साजशृंगाराची गंमत करायची, असा तो प्रकार. गाणाऱ्याचा आवाज त्याचा स्वतःचा नसतो, याचे आपल्याला नवल वाटायला नको. पार्श्वगायनावर पोसलेला आपला प्रेक्षक गेली कित्येक दशके उसन्या आवाजावर हलणारे ओठ डोळे भरून पाहत आला आहे.

कथानक साधे आहे. टिक (ह्यूगो वीव्हिंग) याला मध्य ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या गावातील हॉटेलातून खेळांचे आमंत्रण येते. सोबतीला तो बर्नाडेट (टेरेन्स स्टॅम्प) आणि अ‍ॅडम (गाय पीअर्स) या दोघांना घेतो. बर्नाडेट ही प्रौढ पारलिंगी स्त्री. तरुण जोडीदाराच्या मृत्यूने नुकतीच पोळलेली. अ‍ॅडम तरुण, उथळ, जिभेचा फटकळ. एक जुनी रुपेरी बस विकत घेतली जाते, तिचे ‘प्रिसिला’ असे नामकरण होते आणि सिडनीपासून सुमारे अडीच-तीन हजार किलोमीटरचा, बहुतांशी निर्मनुष्य प्रदेशातून जाणारा प्रवास सुरू होतो. वाटेत उलगडत जाते की हे आमंत्रण देणारी मॅरियन ही टिकची पत्नी आहे. आणखी एक गोष्ट टिकने मनात दडवून ठेवली आहे, ती शेवटी कळते: त्याला आठेक वर्षांचा मुलगा आहे. वरवर पाहता नाचगाण्याचा दौरा वाटणारा हा प्रवास म्हणजे खरे तर एका बापाने मुलासमोर उभे राहण्याचे धैर्य गोळा करण्यासाठी घेतलेला अवधी आहे.

पहिला मोठा मुक्काम ब्रोकन हिल या खाणींच्या गावी. तिघेही पूर्ण वेषात रस्त्याने चालत जातात. माणसे थबकून पाहतात. रात्री गुत्त्यात एक दणकट बाई त्यांना हुसकावू पाहते. बर्नाडेट तिला असे काही झणझणीत, आणि येथे उद्धृत न करण्याजोगे, उत्तर देते की सारा गुत्ता खो खो हसतो आणि ती बाईच त्यांच्याबरोबर प्यायला बसते. प्रेक्षक निःश्वास सोडतो: चला, विनोदाने वैर विरले! आणि सकाळी बाहेर येऊन पाहावे तर बसच्या रुपेरी अंगावर कोणीतरी भल्या मोठ्या अक्षरांत त्यांना एड्सचे नाव घेऊन गावाबाहेर चालते होण्यास फर्मावलेले. कॅमेरा तेथे फार रेंगाळत नाही. टिकचा चेहरा मात्र आपण विसरू शकत नाही. रात्रीचे हसू खोटे नव्हते. पण त्या हसण्याने गाव बदलले, ही आपली समजूत खोटी होती. या एका जोडणीत एलियटने विनोदाच्या सामर्थ्याची सीमा दाखवून दिली आहे. पुढे अ‍ॅडम ती अक्षरे झाकण्यासाठी सबंध बसला फिकट जांभळा रंग फासतो. ‘प्रिसिला’चा जो रंग पुढे जगप्रसिद्ध झाला, तो मुळात एका शिवीवर चढविलेला लेप आहे, हे तिची चित्रे पाहणाऱ्या कित्येकांच्या ध्यानात नसेल.

या शिवीमागचा काळही लक्षात घ्यावयास हवा. न्यू साउथ वेल्स राज्यात पुरुषांमधील समलिंगी संबंध १९८४ सालापर्यंत गुन्हा होते. टास्मानियात तर चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतरही, १९९७ पर्यंत. सिडनीत १९७८ साली निघालेल्या पहिल्या मार्दी ग्रा मिरवणुकीत पोलिसांनी ५३ जणांना पकडले होते. आणि १९७० ते २०१० या काळातील द्वेषमूलक मृत्यूंची चौकशी करण्यासाठी त्याच राज्याने नेमलेल्या विशेष आयोगाचा अहवाल यायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. तेव्हा बसवरची ती अक्षरे पटकथेच्या सोयीसाठी रंगविलेली नाहीत. ज्या भीतीने ही माणसे जगत होती, तिचाच तो एक नमुना आहे.

चित्रपटाच्या दृश्य अंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. ब्रायन ब्रेनी यांच्या छायालेखनात तांबड्या मातीचे आणि निळ्या आभाळाचे दोन सपाट पट्टे दिसतात आणि त्यांच्या सांध्यावरून ती बस किड्यासारखी सरकत जाते. एका प्रसंगी बसच्या टपावर ठेवलेल्या प्रचंड रुपेरी पादत्राणात अ‍ॅडम बसला आहे, वेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या संगीतिकेतील गाण्यावर त्याचे ओठ हलत आहेत आणि मागे कित्येक हात लांबीचे रुपेरी वस्त्र वाऱ्यावर फडफडते आहे. ऐकायला तेथे चिटपाखरू नाही. हास्यास्पद आणि भव्य यांच्यातील सीमारेषा इतकी पुसट झालेली क्वचितच पाहायला मिळते. वेशभूषेबद्दल लिझी गार्डिनर आणि टिम चॅपेल यांना १९९५ च्या सोहळ्यात ऑस्कर मिळाले. त्यांच्या कल्पकतेचे मर्म श्रीमंतीत नव्हे, काटकसरीत आहे. चित्रपटातील एक पोशाख तर चक्क रबरी हवाई चपला जोडून केलेला आहे. पुरस्कार घ्यायला गार्डिनरबाई अमेरिकन एक्स्प्रेसची सोनेरी कार्डे जोडून शिवलेला झगा घालून गेल्या, ही त्याच वृत्तीची थट्टा.

अभिनयात टेरेन्स स्टॅम्प यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ‘बिली बड’ (१९६२) मधील देखण्या खलाशाच्या भूमिकेने प्रसिद्धीस आलेला हा इंग्लिश नट पन्नाशी उलटल्यावर बर्नाडेट झाला. (नावाने आपल्याला लूर्दच्या गुहेची आठवण होते, चित्रपटाला ती होत नाही.) स्टॅम्प यांनी या भूमिकेत काय केले, यापेक्षा काय टाळले हे महत्त्वाचे. हातवारे नाहीत, लाडिक मुरका नाही. ताठ मान, मंद चाल, थकलेले डोळे आणि बोलण्याआधी घेतलेला क्षणभराचा विराम. एखाद्या जुन्या घराण्यातील विधवेचा करारीपणा त्यांनी या पात्राला दिला आहे. अशा भूमिका पारलिंगी कलावंतांनाच मिळाव्यात, असा आग्रह अलीकडे धरला जातो आणि त्यात तथ्य आहे. तरीही बर्नाडेटच्या स्त्रीत्वाविषयी स्टॅम्प यांनी क्षणभरही शंका घेतली नाही, हे नमूद केलेच पाहिजे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी ते निवर्तले.

या बर्नाडेटचे हसे करणारे बाहेरचेच लोक नाहीत. अ‍ॅडम तिला डिवचण्यासाठी तिच्या जन्मनावाने, ‘राल्फ’ म्हणून, हाक मारतो. नाव ही आपल्या समाजात किती मोलाची गोष्ट आहे हे सांगायला नको. स्वतः टाकून दिलेल्या नावाने दुसऱ्याने हाक मारणे म्हणजे ‘तू जे झालीस ते आम्हाला मंजूर नाही’ असे चारचौघांत बजावणेच होय. अपमान सोसलेली माणसे एकमेकांशी आपोआप दयाळू होतात, असा भाबडा समज एलियटने ठेवलेला नाही. हे तिघे एकमेकांना बोचकारतात आणि मग एकाच बसमध्ये झोपतात. कूबर पीडी येथे, जेथे ओपलच्या खाणी आहेत आणि उन्हाच्या तडाख्यामुळे लोक जमिनीखाली घरे करून राहतात, अ‍ॅडम नशेत स्त्रीवेष चढवून खाणकामगारांच्या घोळक्यात जातो. थट्टा अंगाशी येते. त्याला पाठलाग करून पकडले जाते आणि काही क्षण हा विनोदी चित्रपट अत्यंत भीतिदायक होतो. तेव्हा त्याला वाचवायला येते ती ज्येष्ठ बर्नाडेटच, जिचे त्याने हसे केले होते. नंतर ती त्याला जवळ घेऊन जे सांगते त्याचा आशय असा, की ज्या शहराला आपण उठताबसता नावे ठेवतो, ते शहरच आपले कवचही असते. ‘राल्फ’ हे नाव यापुढे चेष्टेसाठीही घ्यावे असे प्रेक्षकाला वाटत नाही.

याउलट वाळवंटात बस बंद पडते तो प्रसंग पाहा. मदतीला आलेले एक सभ्य दांपत्य या तिघांचा अवतार पाहताच गाडी वळवून पसार होते. मग एक आदिवासी पुरुष त्यांना आपल्या लोकांच्या शेकोटीकडे घेऊन जातो. ग्लोरिया गेनरच्या प्रसिद्ध गाण्यावर नाच होतो, डिजेरिडू हे त्यांचे वाद्य त्यात सूर मिसळते आणि तो पुरुषही वेष चढवून नाचू लागतो. त्या भूमीवर आदिवासींचा परंपरागत हक्क आहे, हे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘माबो’ खटल्यात मान्य केले ते १९९२ साली. चित्रपट त्यानंतर दोनच वर्षांनी आला. भूमीचे मूळ धनी पाहुण्यांना जागा देतात आणि बंगलेवाले पळतात, हा उपरोध नेमका आहे. एवढेच, की डिजेरिडूवादक अ‍ॅलन डार्गिन यांनी रंगविलेल्या त्या यजमानाला पटकथेने धड नावही दिलेले नाही. पाहुण्यांचे काम झाले, की तो कथेतून नाहीसा होतो.

आता अ‍ॅलिस स्प्रिंग्ज. चित्रपटाचा गाभा येथे आहे आणि येथे तो गलबला करीत नाही. रंगमंचावर नाचता नाचता टिकची नजर प्रेक्षकांत बसलेल्या मुलावर जाते. बेंजी टाळ्या वाजवीत आहे. टिक भोवळ येऊन कोसळतो. दारूच्या डब्याचा मार खाऊन न डगमगणारा, बसवरची शिवी सोसून पुढे निघालेला हा माणूस आपल्याच लेकराच्या नजरेपुढे टिकत नाही. कारण जगाने केलेले हसे सोसता येते, मुलाने केलेले सोसता येणार नाही. मग त्याची केविलवाणी धडपड सुरू होते. पुरुषी चाल, पुरुषी बोलणे, धंद्याविषयी अवाक्षर नाही. कोणत्याही बापाला, त्याचे गुपित कोणत्याही जातीचे असो, हा अभिनय ओळखीचा वाटेल. कर्ज, व्यसन, गेलेली नोकरी, पूर्वीचा तुरुंगवास, अशा कशासाठीही बाप मुलापुढे हे सोंग आणतो. टिकच्या बाबतीत विपरीत एवढेच, की त्याचे खरे सोंग म्हणजे हा साधा पुरुषी वेष आहे.

आणि बेंजीला सारे ठाऊक असते. मॅरियनने त्याच्यापासून काही लपविलेले नाही. तो बापाला अगदी सहज, हवापाण्याच्या गोष्टी काढाव्यात तसे विचारतो, आणि शेवटी त्याची मागणी एकच: अ‍ॅबाच्या गाण्यांचा खेळ माझ्यासाठी कराल का? ह्यूगो वीव्हिंग यांनी या क्षणी केलेला अभिनय त्यांच्या पुढच्या साऱ्या गाजलेल्या भूमिकांपेक्षा, ‘द मेट्रिक्स’मधील त्या थंड खलनायकापेक्षाही, सरस आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चेहऱ्यावर आनंद येण्याआधी अविश्वास येतो. इतका लांबचा प्रवास ज्या भीतीने करविला, ती भीती मुलाच्या बाजूला कधी नव्हतीच, हे त्याला उमगायला थोडा वेळ लागतो आणि दिग्दर्शक तेवढा वेळ त्याला देतो. मॅरियनचे पात्र यात अगदी थोडे दिसते, पण मुलाच्या मनात बापाविषयी विष न कालविण्याचे जे मोठे काम तिने वर्षानुवर्षे एकटीने केले, त्यावरच हा सुखान्त उभा आहे.

याच सुमारास, १९९५ साली, अमेरिकेतही ‘टू वाँग फू, थँक्स फॉर एव्हरीथिंग! जूली न्यूमार’ नावाचा अशाच तिघांच्या प्रवासाचा चित्रपट आला. पॅट्रिक स्वेझी आणि वेस्ली स्नाइप्स यांसारखे मर्दानी भूमिकांतील नट त्यात स्त्रीवेषात होते. तो गोड आहे. तेथे मोटार एका खेड्यात बंद पडते आणि हे तिघे देवदूतांसारखे साऱ्या गावाचे प्रश्न सोडवून टाकतात; मार खाणाऱ्या पत्नीला धीर देतात, लाजाळूंना बोलते करतात आणि शेवटी गाव त्यांच्या पाठीशी उभे राहते. म्हणजे उपयोगी पडलात तर तुम्हाला स्वीकारू, असा तो सौदा झाला. ‘प्रिसिला’तील तिघे कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. ती भांडखोर, व्यसनी, कधी कधी क्षुद्र माणसे आहेत आणि तरीही त्यांना रस्त्याने निर्भयपणे चालता यावे, एवढेच चित्रपटाचे म्हणणे आहे. सद्गुणांचे प्रमाणपत्र मागणारी सहानुभूती स्वस्त असते. ऑस्ट्रेलियन चित्रपट ती मागत नाही, म्हणून तो श्रेष्ठ.

इतके कौतुक केल्यावर त्याच्या कपाळावरचा डागही दाखविला पाहिजे. (चित्रपटाची भाषा शिवराळ आहे आणि काही प्रसंग उघडेवाघडे, तो बालगोपाळांसह पाहण्याचा नव्हे. पण तो डाग हा नव्हे.) वाटेत भेटणारा बॉब हा मेकॅनिक, बिल हंटर यांनी रंगविलेला, फार लोभस माणूस आहे. सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागात १९६३ साली सुरू झालेला ‘ले गर्ल्स’ हा गाजलेला खेळ त्याने तरुणपणी पाहिलेला असतो आणि बर्नाडेट त्यातील कलावती असल्याने तो तिच्याशी भक्तिभावाने, स्त्रीशी बोलावे तशा अदबीने बोलतो. या बॉबची पत्नी सिन्थिया. ती फिलिपिनो आहे. लग्नाच्या बाजारातून ऑस्ट्रेलियात आली, बॉबला दारूच्या नशेत गाठले, असे आपल्याला सांगितले जाते. ती मोडके इंग्रजी किंचाळून बोलते, दारूसाठी घर उलथेपालथे करते आणि गुत्त्यातील पुरुषांपुढे पिंगपाँगच्या चेंडूंनी असा एक बीभत्स खेळ करते की आपल्या नायिकांचा कार्यक्रम त्यापुढे फिका पडावा. गुत्ता हसतो. चित्रगृहही हसते. आणि चित्रपटात प्रथमच असे घडते की कोणाचे तरी निखळ हसे झाले, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवायला दिग्दर्शक थांबला नाही.

चित्रपट आला तेव्हापासून या पात्रावर वंशद्वेषाची आणि स्त्रीद्वेषाची टीका होत आली आहे. ती बाहेरून लादलेली टीका नव्हे. चित्रपटाने स्वतःच आपल्याला शिकविलेल्या मापाने मोजले तरी हा प्रसंग उणाच भरतो. भडक वेषाआड एक माणूस आहे, हे ज्याने तीन वेळा पटवून दिले, त्याला चौथ्या भडक वेषाआडचा माणूस दिसू नये? सिन्थिया कोणाची मुलगी, मनिलाची की एखाद्या बेटावरच्या खेड्यातली, पैसे घरी पाठविते की नाही, या वैराण गावी तिच्या भाषेत बोलणारे कोणी आहे काय, यांपैकी एकही प्रश्न पटकथेला पडत नाही. वसईतील किंवा गोव्यातील ज्या कुटुंबांतील माणसे आखातात वा बोटीवर कामाला गेली, त्यांना फिलिपिनो सहकारी पुरेपूर माहीत असतात: रविवारच्या मिस्साला शेजारच्या बाकावर बसणारे, महिनाअखेरीस पैसे पाठविण्याच्या रांगेत पुढे-मागे उभे असणारे. त्यांच्या घरच्या प्रेक्षकाला सिन्थियावर हसणे जड जाईल. तो चेहरा त्याच्या ओळखीचा आहे आणि परदेशात आपल्या बोलण्याची नक्कल कशी केली जाते, हेही त्याला ठाऊक आहे.

तिच्या जाण्याने पटकथेची मोठी सोय होते. बॉब मोकळा होतो, बसबरोबर निघतो आणि त्याचे व बर्नाडेटचे सूत हळुवारपणे जमत जाते. हे प्रेम पडद्यावर इतक्या संयमाने रंगविले आहे, की त्याची किंमत कोणी मोजली हे पाहताना आठवू नये.

परतीच्या प्रवासात बसमध्ये बेंजी बसलेला असतो; सिडनीच्या रंगमंचावर अ‍ॅबाचे गाणे होते आणि टिकला या वेळी भोवळ येत नाही. बर्नाडेट मागे, अ‍ॅलिस स्प्रिंग्जला, बॉबबरोबर काही दिवस राहते. खरी बस पुढे कितीएक वर्षे बेपत्ता होती. ती न्यू साउथ वेल्समधील एका शेतजमिनीवर सापडल्याचे २०२४ साली जाहीर झाले आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील बर्डवुड येथील मोटार संग्रहालयासाठी तिची दुरुस्ती करण्याचे ठरले. त्याच वर्षी एलियट यांनी चित्रपटाच्या उत्तरार्धाची घोषणा केली. तो उत्तरार्ध पडद्यावर आला, तर त्यात बॉबचे घर सोडून गेलेल्या सिन्थियाचा पत्ता कोणी विचारतो काय, एवढेच पाहायचे आहे.